इंजिन उतरवलंच आहे तर…

जुनी फेरारी बाळगणारा माणूस श्रीमंत असतो, हा गैरसमज आधी दूर करतो. श्रीमंत माणूस नवी घेतो, दोन-तीन वर्षं मिरवतो आणि मोठा खर्च जवळ आला की विकून मोकळा होतो. जुनी घेतो तो आमच्या भाऊसारखा. डोंबिवलीत वाढलेला, पेशानं इंजिनियर, नोकरीचं सगळं आयुष्य न्यू जर्सीत गेलेलं, दुकानातून बाहेर पडताना पावती दोनदा वाचणारा आणि हॉटेलातल्या साबणाच्या वड्या घरी आणणारा. अशा माणसाला फेरारी परवडते ती एकाच कारणानं. त्याला ती स्वस्तात मिळालेली असते.

भाऊची गाडी फेरारी एफ 355, सन 1995 ची, लाल. साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन, एकेका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणून 355. ही फोड तो ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत करून सांगतो आणि समोरच्यानं "हो का!" म्हटलं नाही तर पुन्हा सांगतो. नवी होती तेव्हा या गाडीची किंमत सव्वा लाख डॉलरच्या घरात होती. भाऊनं ती 2012 साली 45 हजाराला उचलली.

"ओडिसीच्या भावात, बरं का!"

हे वाक्य गेली कित्येक वर्षं आम्ही ऐकतोय. त्याच सुमाराला आमच्यापैकी निम्म्या लोकांनी खरंच ओडिसी मिनीव्हॅन घेतल्या होत्या. त्यांत मुलं बसली, मुलांचं क्रिकेटचं सामान बसलं, भारतातून आलेले सासू-सासरे चार-चार सुटकेसांसकट बसले. भाऊच्या गाडीत भाऊ बसतो आणि शेजारी वहिनी बसू शकतात. त्या बसत नाहीत हा भाग वेगळा.

एवढा हिशेबी माणूस, पण एक गोष्ट त्याच्या हिशेबातून सुटली. गाडीचा भाव उतरतो, सुट्या भागांचा उतरत नाही. सव्वा लाखाची गाडी 45 हजाराला आली तरी तिचा वॉटर पंप सव्वा लाखाच्या गाडीचाच राहतो.

आता पट्ट्यांविषयी सांगितलं पाहिजे, कारण भाऊच्या घरात पंचांगाच्या खालोखाल मान आहे तो पट्ट्यांच्या तारखेला. या इंजिनात दोन टायमिंग बेल्ट असतात. ते दर तीन वर्षांनी बदलावेत असं जाणकार सांगतात. मालक लोक जीव मुठीत धरून ते पाच वर्षांपर्यंत ताणतात. गाडी चालवा किंवा चादर घालून कोपऱ्यात उभी ठेवा, रबर जुनं व्हायचं ते होतंच. पट्टा तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह आहेत 40. पट्ट्यांची किंमत फार नाही. पण इंजिन आहे सीटांच्या मागे, आणि पट्ट्यांची बाजू नेमकी सीटांकडे तोंड करून. वरून हात पोचत नाही, बाजूनं पोचत नाही. म्हणून गाडी लिफ्टवर चढवायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन असं सगळं प्रकरण सांगाड्यासकट खाली उतरवायचं. दोन रबरी पट्ट्यांसाठी. डोंबिवलीच्या इंजिनियरला यात काही वावगं वाटत नाही. "डिझाइन आहे ते," तो म्हणतो, आणि आवाजात असा अभिमान असतो की जणू फेरारीच्या मारानेल्लोच्या कारखान्यात यानंच ती रचना मंजूर केली होती.

पहिल्या वेळी पट्टे बदलायला सात हजार डॉलरचा अंदाज दिला होता. बिल झालं अकरा हजार. कारण इंजिन खाली आल्यावर भाऊ ते बघायला गॅरेजमध्ये गेला, आणि तिथे त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं: "इंजिन उतरवलंच आहे, तर…"

आपण पंढरपूरला जातो, आणि आलोच आहोत तर अक्कलकोट करू म्हणतो, अक्कलकोटला आलोच आहोत तर तुळजापूर किती लांब, आणि असं करत तिसऱ्या दिवशी गाणगापुरात उतरतो. भाऊचं तसंच. इंजिन उतरवलंच आहे तर पट्टे ताणणाऱ्या पुलींची बेअरिंगं बदलू. बेअरिंगं काढलीच आहेत तर कॅमशाफ्टची सीलं. सीलं काढली तर वॉटर पंप कशाला जुना ठेवायचा? पेट्रोलचे रबरी नळ तर बदललेच पाहिजेत, कारण ते पाझरले की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं. या एका बाबतीत मी त्याच्या बाजूचा आहे. एवढं झाल्यावर नट-बोल्ट नवे, क्लिपा नव्या, प्लग नवे. क्लच तेवढा राहिला, कारण तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला आहे आणि इंजिन न उतरवता बदलता येतो. त्यामुळे तो वेगळ्या वर्षी, वेगळ्या बिलात बदलला.

भाऊचा मिस्त्री एक म्हातारा इटालियन अमेरिकन आहे. गॅरेज छोटं, भिंतीवर जुनी कॅलेंडरं, बोलणं फार कमी. तो गाडीखाली बॅटरी मारून बघतो आणि एक उसासा टाकतो. भाऊला त्या उसाशांचे दर आता पाठ झालेत. छोटा उसासा म्हणजे पाचशेच्या आत. नाकातून हळू सोडलेला म्हणजे दोन हजार. बॅटरी विझवून, हात पुसून, "कॉफी घेणार?" असं विचारलं की समजायचं, या वर्षी भारतात जाणं नाही. भाऊ त्याच्यासाठी दिवाळीत चकल्या आणि बेसनाचे लाडू नेतो. बिलात त्यामुळे काही फरक पडलेला नाही. पण ऑक्टोबर उजाडला की मिस्त्री स्वतःच फोन करून विचारतो, तुमचा तो सण या वर्षी कधी आहे.

वहिनींचं मोजमाप वेगळं. त्या डॉलरमध्ये बोलतच नाहीत. एक पट्टेबदल म्हणजे चौघांची मुंबईची तिकिटं, एक क्लच म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, चार टायर म्हणजे धाकटीचं भरतनाट्यमचं वर्ष. "तिचं अरंगेत्रम दोनदा झालं असतं," त्या शांतपणे सांगतात आणि भाऊच्या ताटात आणखी एक पोळी वाढतात. भाऊ खर्चाची डायरी ठेवतो. ही सवय वडिलांची. त्यांनी विजय सुपर स्कूटरच्या पेट्रोलचा, ऑइलचा आणि पंक्चरचा जमाखर्च पंधरा वर्षं लिहिला होता. भाऊच्या डायरीत दोन रकाने आहेत: एकात झालेला खर्च, दुसऱ्यात वहिनींना सांगितलेला. पहिला रकाना वहिनींनी कधीच वाचलाय. घरचा टॅक्स त्याच भरतात.

गाडीतल्या बटणांची तर वेगळीच कथा. त्या काळच्या फेरारींत बटणांवर, एसीच्या पट्टीवर मऊ रबरासारखा एक थर दिलेला असायचा. तो वीसेक वर्षांत विरघळू लागतो आणि बोटाला चिकटतो. भाऊला हे ठाऊक नव्हतं. त्याच्याकडच्या सत्यनारायणाला आलेल्या सगळ्या पोरांनी गाडीत बसून घेतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी बटणं चिकट! भाऊनं थेट शिऱ्यावर आरोप ठेवला. पुढे वर्षभर त्याच्या घरी प्रसाद घेतल्यावर आधी बेसिन आणि मग गॅरेज असा दंडक होता. इटालियन थराचा दोष आहे हे कळल्यावर त्यानं स्पिरिट आणून सगळी बटणं चोळचोळून पुसली. चिकटपणा गेला. त्याबरोबर बटणांवरची चित्रंही गेली. आता पंखा कुठला आणि काच पुसणारा गरम झोत कुठला हे फक्त भाऊला आठवतं, तेही रोज नाही. डॅशबोर्डवरचं कातडं उन्हानं आक्रसून काचेपाशी उचललं गेलंय. त्याच्याकडे बोट दाखवलेलं भाऊला खपत नाही.

फेरफटक्याला बोलावलं तर मात्र जरूर जावं. आधी चादर काढायची. मग बॅटरीचा चार्जर सोडायचा, कारण गाडी उभी असताना बॅटरी गुपचूप उतरत जाते. मग टायरची हवा, आणि टायरवरचा चार आकडी शिक्का वाचायचा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायरवर नक्षी भरपूर शिल्लक असली तरी शिक्का जुना असेल तर भाऊ मान हलवतो. "रबर मैलांनी मरत नाही, वर्षांनी मरतं." मग इंजिन सुरू, आणि सगळ्यांनी गप्प.

ही शांतता भक्तिभावाची वाटते, पण ती तपासणी असते. या गाडीचे एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड पातळ नळ्यांचे आहेत आणि तडकतात. वरून उष्णता अडवणारं कवच असल्यामुळे तडा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. थंड इंजिनात टिक्-टिक् होतं आणि धातू तापून फुगला की थांबतं. म्हणजे लबाड विक्रेता गाडी आधीच गरम करून ठेवतो. भाऊनं विकत घेतली तेव्हा गाडी गरम होती. तडकलेलं तसंच चालवलं तर व्हॉल्व्हवर बेततं, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत व्हॉल्व्हचे गाईड ब्राँझचे, म्हणजे मऊ, लवकर झिजणारे; झिजले की मागून निळा धूर. भाऊची 1995 ची. त्यामुळे तो गाडी सुरू झाली की कान पुढे ठेवतो आणि नजर मागे. आपणही धुराकडे बघावं आणि "छे, काही नाही," म्हणावं. तेवढ्यानं त्याचा दिवस चांगला जातो.

निघाल्यावर पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर वर्ज्य. गिअरबॉक्सचं तेल तापेपर्यंत दुसरा पडतच नाही, पाडायचा प्रयत्न केला तर हात हलतो आणि भाऊचं काळीज. म्हणून पहिल्यातून थेट तिसरा. साडेतीनशेहून जास्त अश्वशक्तीची गाडी गल्लीतून रिकाम्या बैलगाडीच्या चालीनं बाहेर पडते आणि मागून शाळेची बस हॉर्न देते. मग तेल तापतं. धातूच्या खाचांतून गिअरचा दांडा खट् करून दुसऱ्यात जातो, काटा आठ हजारांकडे चढतो आणि पाठीमागून जो आवाज येतो तो ऐकल्यावर डायरी, पट्टे, अकरा हजार, सगळं मलाही रास्त वाटू लागतं. हा आनंद जेमतेम चार सेकंदांचा, कारण दुसरा गिअर पुरता ताणला की न्यू जर्सीच्या हायवेचा कायदा संपतो. वरचे चार गिअर भाऊ फक्त पेट्रोल वाचवायला वापरतो.

त्याचा कमाल अपमान झाला तो गणपतीत. मंडळाच्या पोरांना मूर्ती फेरारीतून आणायची हौस आली. भाऊ आधी नको म्हणाला, मग मूर्तीचं वजन विचारलं, मग सीटवर घालायला स्वतःच नवा पंचा आणला. ढोल-ताशा पुढे, लेझीम मध्ये, आणि मागून गाडी क्लचवर इंच-इंच सरकतेय. पार्किंगचा अर्धा फेरा झाला आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. या गाडीत एक दिवा असा आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जास्त तापला तर तो लागतो, आणि त्यावर शब्द असतात "स्लो डाऊन". गाडी चालली होती लेझीमच्या वेगानं. याहून हळू चालायचं तर थांबायलाच हवं होतं. बहुतेक वेळा तापलेलं काहीच नसतं, तापमान मोजणारी तार किंवा तिची पेटी बिघडलेली असते. डाव्या आणि उजव्या बाजूच्या पेट्यांची अदलाबदल करायची. दिवा दुसऱ्या बाजूचा लागला तर दोष पेटीचा. हे सगळं भाऊ बोनेट उघडून सांगत होता आणि "गणपती बाप्पा"च्या गजरात कोणालाही ऐकू येत नव्हतं. शेवटी बाप्पा एका ओडिसीतून हॉलवर गेले. मागच्या सीटवर, ऐसपैस.

भारतात फोन झाला की पुण्याचा चुलतभाऊ एकच प्रश्न विचारतो. "ॲव्हरेज काय देते रे?" लिटरला पाच, फार तर सहा. पलीकडे एवढी शांतता पसरते की लाईन कट झाली असं वाटावं. "मग विकून टाक," चुलतभाऊ म्हणतो. गाडी भारतात पाठवायचा विचारही भाऊनं एकदा केला होता. पण वापरलेली गाडी तिथे तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. दोन्ही अटींत भाऊची गाडी नापास. तेव्हापासून तो सचिनचं उदाहरण देतो. ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून 2002 साली सचिनला मायकेल शूमाकरच्या हातून फेरारी 360 मोडेना मिळाली. भेट फुकट, पण सीमाशुल्क एक कोटीच्या वर. सरकारनं माफ केलं, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ते पैसे फियाटनं भरले. 2011 मध्ये सचिननं ती गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याला विकली. भाऊच्या मते या कथेचं सार वेगळंच आहे. "बघ, 360 म्हणजे माझ्या पुढचं मॉडेल. तिचे पट्टे सीटमागचं झाकण काढून बदलता येतात. इंजिन उतरवावं लागत नाही. देवाला देवाचंच सुचतं!"

स्वतःच्या खर्चाचं दुःख झालं की तो वर बघतो. आपण खाली बघतो, शेजाऱ्याच्या गळक्या छपराकडे बघून समाधान मानतो. भाऊ बुगाटी व्हेरॉनकडे बघतो. सोळा सिलिंडर, चार टर्बो, दहा रेडिएटर, आणि टायरचा एक संच 40 हजार डॉलरच्या आसपास. "म्हणजे त्यांचे चार टायर आणि माझी अख्खी गाडी, जवळजवळ एकाच भावाची!" यानं त्याला खरंच बरं वाटतं. रविवारी सकाळी गाडीवाल्यांचा कॉफीचा मेळा भरतो. तिथे नव्या फेरारीवाला कोणी म्हणाला, की आमच्या गाडीला पट्टा नाही, चेन आहे, शिवाय सात वर्षांची सर्व्हिस कंपनीची, तर भाऊ गोड हसतो आणि 2010 सालची आठवण काढतो. तेव्हा नव्या कोऱ्या फेरारी 458 पेटत होत्या. चाकाच्या कमानीतला उष्णता अडवणारा पत्रा ज्या गोंदानं चिकटवला होता तो गोंदच तापून पेट घ्यायचा, आणि कंपनीनं हजारावर गाड्या परत बोलावल्या. "नवी असली म्हणून काय झालं," भाऊ म्हणतो. दुसऱ्याच्या फेरारीचं दुखणं ऐकलं की त्याला चार दिवस झोप चांगली लागते.

थँक्सगिव्हिंगला रस्त्यावर मीठ पडू लागलं की गाडी झोपते ती एप्रिलपर्यंत. भाऊ झोपत नाही. या गाड्यांचा उफराटा न्याय असा की चालवून जितक्या बिघडतात त्याहून जास्त उभ्या राहून बिघडतात. सीलं सुकतात, पेट्रोल शिळं होतं, टायर एका जागी चपटे होतात. एका हिवाळ्यात उंदरानं वायर कुरतडली. तेव्हा भाऊनं पिंजरा लावून उंदीर पकडला आणि मारायचं सोडून दोन मैल दूर नेऊन सोडला. वायरिंगचं बिल आलं आठशे. वहिनी म्हणाल्या, "उंदीर तेवढा फुकटात सुटला."

आणि गाडीत सामान मावत नाही असं म्हणालात तर भाऊ तुमच्याशी महिनाभर बोलणार नाही. पुढच्या डिकीत दहा किलो तांदूळ, डाळी आणि एक अननस बसतो. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये त्यानं ते सिद्ध करून दाखवलंय, लोकांनी व्हिडिओ काढलेत. आमच्या ऐंशीच्या काकू एकदा हट्टानं त्या गाडीत बसल्या. बसणं सोपं, नुसतं पडायचं. उतरताना दोघांना ओढावं लागलं. तरी काकू म्हणाल्या, "मऊ आहे हो सीट, ताकदीचं मला कळत नाही." भाऊनं ते वाक्य डायरीत लिहून ठेवलंय.

दर एप्रिलला, चार्जर सोडायच्या आधी, तो गाडी विकायला काढतो. भाव काढून बघतो. आणि इथेच सगळं फिसकटतं, कारण भाव वाढलेत. हातानं गिअर टाकायच्या जुन्या फेरारी लोकांना आता हव्याशा वाटू लागल्यात आणि 45 हजाराची गाडी आज लाखावर गेलीय. भाऊ डायरी उघडतो, बेरीज करतो. खर्च जाऊन वर काही उरत नाही; पण कागदावर तो बुडालेलाही नाही, आणि इंजिनियर माणसाला कागद पुरतो. "बघितलंस, फुकटात पडली," तो म्हणतो. एवढ्यात पट्ट्यांची तारीख येते. पट्टे जुने असताना विकलं तर भाव पडतो, म्हणून आधी पट्टे बदलायचे. बदलले की एवढा खर्च करून लगेच का विकायची?

तुम्हांला घ्यायचीच असेल तर माझं ऐका. आधी शेवटच्या पट्टेबदलाची पावती मागा, तोंडी तारखेवर विश्वास ठेवू नका. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना, स्वतः सुरू करून ऐका. कॉम्प्रेशन आणि लीकडाऊन तपासणी अशा मिस्त्रीकडून करून घ्या ज्याचा विक्रेत्याशी काही संबंध नाही. बटणांना हात लावून बघा. गाडीच्या किमतीशिवाय आणखी पंधरा हजार डॉलर बाजूला काढून ठेवा आणि ते गेलेच असं समजा. आणि सल्ल्यासाठी भाऊला फोन करू नका, कारण तो तुम्हांला "घेऊ नकोस" असं कधीच म्हणणार नाही.